मोठ्या बाईंच्या वाट्याची लस

माझ्या जावेबद्दल मी कधी चांगलं लिहीन, असं वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. बोलणं कमी, चालणं हळू, आणि कोणत्याही गोष्टीला लगेच 'हो' म्हणायचं नाही. मी नेमकी उलटी. माझं तोंड आधी धावतं, डोकं मागून लंगडत येतं. अशा दोघींना एकाच घरात दिलं तर काय होणार? झालंच ते. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, आणि अंगणाच्या मधोमध गुडघ्याएवढी भिंत उभी राहिली. माणसं तेवढी भिंत मानायची. कोंबड्या कुठल्या मानतात!

आमचं गाव आर्णी तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन, आणि दर दुसऱ्या घरी खुराडं. मोठ्या बाईंकडे तेव्हा लहानमोठ्या मिळून बावीस कोंबड्या होत्या. त्यांच्या घरात शेत दिरांचं, बैल दिरांचे, मोटारसायकल मुलाची. कोंबड्या मात्र 'तिच्या'. दीर स्वतः तसं म्हणायचे. पाहुणा आला आणि कोंबडा कापायचा झाला तर हा एवढा तालेवार माणूस बायकोला विचारायचा, "कोनता धरू?" आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "आज कोनताच नाही," तर मुकाट्यानं वांग्याची भाजी व्हायची. लग्नात माहेराहून आणलेल्या एका काळ्या तलंगीपासून हा सगळा पसारा त्यांनी वाढवला होता. गावात कोणी बाळंतीण झाली की त्यांच्याकडची अंडी आधी पोचायची, मग बाकीच्यांची चौकशी. त्या बाईला 'माझं' म्हणायला जगात दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना अजून लाज वाटते.

माझं माहेर पुसदकडे. तीन वर्षांपूर्वी तूर काढून झाली आणि भाच्याचं साक्षगंध निघालं. आम्ही तिघी बहिणी गेलो. दोन दिवस खाणं, हसणं, रुसणं, सगळं यथासांग झालं. निघताना भावानं तिघींच्या हातात एकेक पिशवी दिली. पिशवीत दोन-दोन कोंबड्या, मुंडकी बाहेर.

"घेऊन जा वं," तो म्हणाला. "इकडं गावात वारं बरं नाही. शेजाऱ्याच्या दोन-चार गेल्या. ह्या चांगल्या हायेत. तुमच्याकडं जगतीन."

आमच्या भागात हे असंच चालतं. गावात कोंबड्या मरायला लागल्या की ज्या धडधाकट दिसतात त्या नातेवाइकांकडे पोचवायच्या. जीव वाचवायचा म्हणून करतात, कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही. आणि भावानं दिलेली वस्तू बहिणीनं परत करायची नसते. पण मी काही दूधखुळी नव्हते. 'वारं बरं नाही' हे मी दोन्ही कानांनी ऐकलं होतं. ऐकलं, आणि पिशवी उचलली. एसटीत कंडक्टरच्या नजरेआड सीटखाली सरकवली आणि दिग्रसपर्यंत वरून पदर सोडून बसले.

घरी आल्यावर मोठ्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, "कोठल्या वं?"

"भावानं देल्या," मी म्हटलं. वाऱ्याचं बोलले नाही. कशाला बोला? त्या लगेच म्हणाल्या असत्या, आठ दिवस डाल्याखाली, त्या बांबूच्या टोपलीखाली, वेगळ्या ठेव. मग मला राग आला असता, माझ्या भावाची कोंबडी काय रोगाची आहे का! म्हणजे भांडण व्हायच्या आधीच मी मनातल्या मनात ते करून मोकळी झाले होते. कोंबड्या अंगणात सोडल्या.

चौथ्या दिवशी त्यातली एक कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. हिरवट पांढरी हगवण. मी लसूण-हळद कुटून तिच्या चोचीत कोंबली. दुसऱ्या दिवशी तिची मान अशी पिळली की डोकं पाठीवर आलं. मानमोडी! हा रोग आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. दवाखान्यात त्याला राणीखेत म्हणतात. नाव काहीही घ्या, एकदा खुराड्यात शिरला की झाडून नेतो. दुपारपर्यंत ती मेली आणि मी काय केलं? घाईघाईनं उकिरड्यात पुरली, तीही जेमतेम वीतभर खोल. मोठ्या बाईंच्या कोंबड्या दिवसभर त्याच उकिरड्यावर उकरतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण भीतीनं माणूस कसा वागतो ते तेव्हा पाहिलं मी, स्वतःतच.

तीन दिवसांनी मोठ्या बाईंच्या दोन कोंबड्यांनी पंख टाकले.

त्यांनी आधी काय केलं असेल? आरडाओरडा नाही, देवाला नारळ नाही. सगळ्या कोंबड्या आत घेतल्या, फाटकाला दोरी बांधली, आणि पशुसखीला फोन लावला. ही पशुसखी म्हणजे गावाला लागून असलेल्या तांड्यावरची सून. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायचं शिकून आलेली, तिशीतली, चालताना अर्धी पळणारी. तांड्यावर आईला याडी म्हणतात. ती मोठ्या बाईंनाही याडीच म्हणते. "आत येऊ नको, रस्त्यावरूनच बोल," असं मोठ्या बाईंनी तिला फोनवरच बजावलं होतं.

ती फाटकाबाहेर उभी राहिली, आम्ही दोघी अंगणात. मधे सात-आठ हातांचं अंतर. बोलणं सगळं मोठ्यानं.

"याडी, बाटली एकच हाय माह्याजवळ," ती म्हणाली. "शंभर कोंबड्याईची. दुसरी यायले आठ-दहा दिस लागतीन. उद्या सकाळी बर्फात घालून आनतो. पन एकदा कालवली का दोन घंट्यात संपवा लागते. मंग तिचं पानी झालं समजा."

तांड्यासकट गावात सव्वाशेच्या आसपास कोंबड्या असतील. मोठ्या बाईंनी विचारलं, "ज्याईले लागली असन त्याईले टोचून फायदा हाय का?"

"पंख टाकलेल्याईले नाही. ज्या अजून फिरून राह्यल्या त्यातल्या काही वाचतीन. काही टोचूनबी मरतीन. सांगता येत नाही."

"आन तू आमच्या अंगनात आली, मंग दुसऱ्याच्या घरी जाशीन?"

"कशी जाऊ? पायानं, हातानं बिमारी नेईन ना मी. तुमच्याकडं आली का त्या दिवशी दुसरीकडं नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. लस एक तर आमच्या दोन अंगणांत येणार, नाहीतर गावात जाणार. मोठ्या बाईंच्या वीस कोंबड्या अजून पायावर होत्या. त्यातल्या निम्म्या जरी वाचल्या असत्या तरी खुराडं उभं राहिलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"मंग तू तिकडच्या टोकापासून सुरू कर," त्या म्हणाल्या. "तुह्या तांड्यापासून. तिथून इकडं ये. आमच्याकडं सगळ्यात शेवटी. उरली तं उरली."

पशुसखी एकदम चिडली. "काहून? पह्यला फोन तुमचा! बाकीच्याईले तं खबरबी नाही. पह्यला हक तुमचा हाय याडी!"

"हक काय करू? माह्या आता लागलेल्या हायेत. त्याईच्या नाही लागल्या."

बस, एवढंच. भाषण नाही, उसासा नाही. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं त्या सुरात सांगितलं. मी वीस वर्षं ह्या बाईला मंद म्हणत आले होते.

मग पशुसखीनं जाता जाता विचारलं, "पन आली कोठून बिमारी? आजूबाजूच्या गावात तं कोठंच नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "काय माईत."

मला राहवलं नाही. चांगुलपणानं बोलले असं कोणी समजू नये. ते 'काय माईत' मला सहन झालं नाही, इतकंच. "म्या आनली," मी म्हटलं. "माह्या भावाच्या गावात सुरू हाय. त्यानं सांगतलं होतं. मी तरी आनल्या. मेलेली उकिरड्यात गाडली."

पशुसखीनं कपाळावर हात मारला. मी मोठ्या बाईंकडे पाहिलंच नाही. शिव्यांची वाट पाहत उभी होते. खरं सांगते, शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भावानं तुलेच देल्या, का बाकीच्या बहिनीईलेबी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तिघीईलेबी."

"मंग उभी काहून? फोन लाव!"

माझ्या तर ते डोक्यातही आलं नव्हतं. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. थोरल्या बहिणीनं मांजराच्या भीतीनं त्या दोघी अजून डाल्याखालीच झाकून ठेवल्या होत्या, आणि त्यातली एक सकाळपासून दाणा खात नव्हती. तिला सांगितलं, बाहेर काढू नको, हात धू, चपला वेगळ्या ठेव. तिच्या अंगणातल्या तीस कोंबड्या त्या एका फोननं वाचल्या. धाकटीला फोन लावला तर ती म्हणते, "कोनत्या कोंबड्या? आम्ही त्याच दिशी रस्सा केला!" तशा परिस्थितीतही पशुसखीला हसू फुटलं. मोठ्या बाई नाही हसल्या. "पिसं खोल गाडाले सांग तिले," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मोठ्या बाईंच्या घरातून तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी त्या भिंतीपाशी फोन घेऊन बसल्या आणि घरोघर सांगितलं: कोंबड्या आज आतच कोंडा, सकाळी सोडू नका, लस येऊन राह्यली. कोणाकडे किती, कोणाची कोणत्या झाडावर बसते, कोणाची शेजाऱ्याच्या गोठ्यात झोपते, सगळं त्यांना पाठ. एकीला म्हणाल्या, "तुह्या पाच नाही, सहा हायेत. ते बोडकी चक्कीच्या मांडवावर बसते, पाह्य." स्वतःच्या घरात कोंबड्या मरत असताना ही बाई गावाच्या कोंबड्या मोजत होती. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकत होते. मला इतकी मोठी वाटली ती, आणि मी स्वतःला इतकी फालतू.

सकाळी आम्ही दोघी आपापल्या अंगणात उभ्या. पाऊल बाहेर टाकायचं नाही असं ठरलेलं. तांड्यापासून पशुसखी निघाली. पंख उचल, टोच, सोड. कोंबड्यांचा कलकलाट घरामागून घर जवळ येत होता. शेवटी आमच्या आळीत आली. चौथं घर, तिसरं घर. आमच्या शेजारच्या घरी कोंबड्या नाहीत, आणि त्याच्या अलीकडच्या घरी पिठाची चक्की आहे. त्या चक्कीवालीच्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा टोचून झाला आणि पशुसखीनं बाटली उलटी करून आमच्याकडे दाखवली. रिकामी. तिचे डोळे भरले होते. मोठ्या बाईंनी हात हलवला, जा म्हणून.

पुढच्या दहा दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. माझ्या सगळ्या गेल्या, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. मोठ्या बाईंच्या रोज दोन-तीन जात होत्या. परसात कमरेएवढा खड्डा मी खोदला. त्या काठावर उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "खोल. अजून खोल." प्रत्येक कोंबडी स्वतः आणून ठेवायच्या, वर चुना, वर माती. मग हात साबणानं, चपला सोड्याच्या पाण्यात, लुगडं बदलून मगच चुलीपाशी. एकदाही टंगळमंगळ नाही. त्यांची कवडी कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मान वाकडी झाली तरी अंडी सोडेना. बसल्या जागीच गेली. तेव्हा मात्र मोठ्या बाई खड्ड्याच्या काठावर बसून रडल्या. हुंदके देऊन रडल्या. मी जवळ गेले तर हातानं दूर केलं.

बावीसमधल्या तीन राहिल्या. तिन्ही माद्या. एकीची मान कायमची वाकडी. दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडे पडायची. तिला मोठ्या बाई तळहातावर भरवायच्या.

माझ्याशी बोलणं बंद होतं. मी सकाळी चहा घेऊन भिंतीवर ठेवायची, तो तसाच थंड व्हायचा. बाराव्या दिवशी त्या भिंतीपाशी आल्या.

"हे पाह्य लहाने. माह्या कोंबड्या गेल्या त्याचा मले राग हाय. गंज राग हाय. जाईन तवा जाईन. तू मधात मधात चहा आनू नको."

"बरं," मी म्हटलं.

"आन लस कोनामुळं कोनाले भेटली ते गावात बोलू नको. तुह्याबद्दलबी नाही, माह्याबद्दलबी नाही. पशुसखीलेबी सांगतलं म्या."

"तुमच्याबद्दल काहून नाही?"

"सांगशीन तं चक्कीवाली माह्याशी भांडनार नाही. वाकून बोलन. मले नाही चालत तसं."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या आर्णी तालुक्याला माहीत. पण मी गप्प राहिले. गावात मानमोडी आली नाही. म्हणजे आमच्या दोन अंगणांपुरती आली आणि तिथंच संपली. बायका म्हणायच्या, नशीब आमचं. मी 'हो' म्हणायची.

खुराडं चुन्यानं पोतून मोठ्या बाईंनी तीन महिने रिकामं ठेवलं. तिघींना मागच्या बाजूला वेगळं डालं. उन्हाळा लागला. एक दिवस त्यांनी अंगणात मुंगवड्या वाळत घातल्या होत्या, आणि चक्कीवालीची पिवळी कोंबडी भिंतीवरून उडी मारून थेट वड्यांवर. मी काठी घेऊन धावले. कोंबडी ओरडत पळाली आणि तिच्या मागोमाग चक्कीवाली अवतरली.

"मारता काय वं तिले? तुमच्या मेल्या म्हनून आमच्या डोळ्यात सलून राह्यल्या का? निगा ठेवा लागते निगा! आम्ही ठेवली म्हनून वाचल्या!"

देवा! माझं डोकं असं तापलं की कान गरम झाले. सगळं जिभेवर आलं होतं. बाटली, सात कोंबड्या, कोंबडा, शेवटचा थेंब, सगळं. एक शब्द बोलले असते तर ती बाई जन्मभर मान वर करू शकली नसती. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या वड्या सारख्या करत होत्या.

"ने बाई तुह्यी कोंबडी," त्या तिला म्हणाल्या. "वड्या पुन्हा घालतो."

ती गेली. आणि मोठ्या बाई त्या कोंबडीकडे बघत म्हणतात कशा, "काय धावली वं! पाय पाह्यले का तिचे? पिवळेधम्मक." कौतुक होतं त्यांच्या तोंडावर, निव्वळ कौतुक. कोंबडी जिवंत आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

मग माझ्याकडे वळल्या. "माह्यी एक खुडूक बसली कालपासून. पन कोंबडा कोठं हाय आपल्याजवळ? चक्कीवालीच्या घरी हाय, तिची अंडी फळतीन. जाय, आठ-नऊ मागून आन."

"मी? आता? तिच्याकडं?"

"मंग कोन? मले तं चालाले येळ लागते."

मी गेले. चक्कीवाली दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"अंडी? आता भांडली आन आताच अंडी पायजे?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं माह्यं."

ती चकित झाली. मीही झाले. साडेतीन महिन्यांत हे दोन शब्द मी मोठ्या बाईंना एकदाही म्हटले नव्हते. 'म्या आनली' म्हटलं होतं, खड्डे खोदले होते, चहा ठेवला होता, पण हे नव्हतं म्हटलं. चक्कीवालीनं नऊ अंडी मोजून पदरात घातली. मी पदर दोन्ही हातांनी धरून परत आले आणि अंडी द्यायच्या आधी मोठ्या बाईंसमोर उभी राहिले.

"बाई, चुकलं माह्यं," मी म्हटलं.

 त्यांनी एक अंडं उचलून उन्हाकडे धरलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "डालं आन."